लाउंजची मेंबरशिप घ्यायची? आधी वडखळचा हिशेब करा

मागच्या व्हिडिओखाली पेणच्या एका गणपती कारखानदाराने प्रश्न विचारला होता: "सर, आता हैदराबाद, इंदूर, दिल्ली अशा फेऱ्या वाढल्यात. एअरपोर्ट लाउंजची वर्षाची मेंबरशिप घेऊ का?" व्हिडिओत दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण ते अपुरं होतं. म्हणून इथे नीट लिहितोय.

आधी हे बघा, की आपल्याला लाउंजचा मोह होतोच का. पेण-रोह्याचा माणूस विमानतळावर उगाच लवकर पोचत नाही. सकाळी 9 चं अंधेरीचं विमान असेल तर रोह्याचा माणूस पहाटे 3 ला घर सोडतो. नागोठणे, वडखळ, पेण, मग पनवेल, आणि पुढे मुंबईची गर्दी. वडखळला अडकलो तर काय, या भीतीपोटी दोन तास जास्तीचे धरतो. रस्ता मोकळा मिळाला की तेच दोन तास विमानतळाच्या खुर्चीवर काढायचे. तिथला चहा महाग, पाठ दुखते, आणि समोर लाउंजचा दरवाजा दिसतो. म्हणजे आपण लाउंजमध्ये पैसे मोजतो ते खरं तर वडखळच्या भीतीचे.

आता ही भीतीच निम्मी झाली आहे. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं सुटायला लागली. पेणहून ते अंतर चाळीसेक किलोमीटर आहे. तुमची फ्लाइट तिथून मिळत असेल तर विमानतळावर रिकामे बसायचे तासच कमी होतील. जुन्या सवयीवर नवीन वर्षाची मेंबरशिप घेऊ नका. आणि घेणारच असाल तर तुम्ही जिथून उडता त्या टर्मिनलचं लाउंज त्यांच्या यादीत आहे का, एवढं आधी तपासा. हे न बघता पैसे भरलेले लोक मला भेटलेत!

चला, आकडे मांडू. प्रायॉरिटी पासचे नेहमीचे वर्षाचे दर साधारण असे: साधा प्लॅन 99 डॉलर आणि वर प्रत्येक भेटीला 35 डॉलर, मधला 329 डॉलर, त्यात 10 भेटी, सगळ्यात वरचा 469 डॉलर, भेटी अमर्याद. हिशेबाला डॉलर 90 रुपये धरा. साध्या प्लॅनवर वर्षात चार भेटी केल्या तर 8,910 अधिक 12,600, म्हणजे 21,510 रुपये. एक भेट पडली 5,377 रुपयांना. देशातल्या लाउंजमध्ये दारात पैसे भरून साधारण हजार ते दोन हजारात प्रवेश मिळतो. मध्ये दीड हजार धरला तरी वरचा प्लॅन (42,210 रुपये) वसूल व्हायला 28-29 भेटी लागतात. म्हणजे जाता-येता धरून 14 ट्रिपा. तुमच्या होतात का तेवढ्या? डायरी काढा, मागच्या 12 महिन्यांची तिकिटं मोजा. "पुढच्या वर्षी खूप फिरणार आहे" हा आकडा मोजायचा नाही.

धाटावच्या एमआयडीसीत माल देणाऱ्या काहींचं परदेशात येणं-जाणं असतं, मध्ये दुबई-दोह्याला पाच-सहा तासांचा थांबा असतो. त्यांना मधला प्लॅन परवडू शकतो. पण गर्दी असली की मेंबरलाही दारातून परत पाठवतात, आणि बऱ्याच ठिकाणी विमानाच्या तीन तास आधी आत घेत नाहीत. पहाटे 3 ला निघालेल्या माणसाचा तिथेही उपयोग नाही.

आणि खिशातलं कार्ड? आधी ते बघा. अनेक क्रेडिट कार्डांवर, काही डेबिट कार्डांवरही, लाउंज फुकट असतं. मात्र हल्ली बऱ्याच बँका मागच्या तिमाहीत ठराविक खर्च झाला असेल तरच आत सोडतात. त्या अटीसाठी नको ती खरेदी करणं म्हणजे चाराण्याची कोंबडी नि बाराण्याचा मसाला.

"बिझनेस खर्चात टाकतो की सर," असंही एकाने लिहिलंय. खर्चात टाकल्याने करापुरता दिलासा मिळतो, सगळे पैसे परत येत नाहीत. खाण्यापिण्याच्या सेवेवरचं इनपुट क्रेडिट तर जीएसटीच्या कलम 17(5) ने बहुतेक धंद्यांना अडवलेलंच आहे. सीएला विचारल्याशिवाय ते धरू नका. लाउंजमध्ये मोठी माणसं भेटतात म्हणतात, तेही मला पटत नाही. सगळे कानात हेडफोन घालून इडली खात असतात.

त्या कारखानदाराला मी सांगितलं, तुमचा पैसा येतो भाद्रपदाच्या आसपास. माती, रंग, कारागीर यांचा खर्च मात्र वर्षभर. जानेवारीत 42 हजार अडकवले तर ते शाडूच्या पोत्यांमधून जातात. त्यांनी तिकिटं मोजली. वर्षात चार ट्रिपा, म्हणजे आठ वेळा विमानतळ. त्यातल्या तीनच वेळा दोन तासांहून जास्त थांबावं लागलं होतं. तीन वेळा दारात पैसे भरले तर साडेचार हजार. सध्या ते घरून डबा नेतात, आणि उशीर झालाच तर दारात पैसे भरतात.

तुमची मेंबरशिप आधीच चालू असेल तर ऑटो-रिन्यूअलची तारीख आजच बघून ठेवा.