माघारीचं दार

कोल्हापूरच्या दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्याभोवती नजर फिरवली की दिगंबर जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायतांचा चित्रदुर्ग मठ अशी एकेका समाजाची नावं वाचायला मिळतात. १९०१ पासून पुढची वीसेक वर्षं महाराजांनी जातवार आणि धर्मवार वसतिगृहं उभारायला जागा दिली, पैसा दिला, पाठबळ दिलं. त्याच महाराजांनी १९१९ साली संस्थानात आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांना मान्यता देणारा कायदा केला. एका हातानं कप्पे बांधायचे आणि दुसऱ्या हातानं ते फोडायचे, अशी ही विसंगती आहे असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ती विसंगती वाटत नाही. खेड्यातून शिकायला आलेल्या पोराला शहरात पहिला आसरा त्याच्या समाजाचाच मिळतो. पण त्या आसऱ्याच्या बदल्यात त्यानं जोडीदारही समाजाच्या यादीतूनच निवडावा, असा हिशेब राजाला मान्य नव्हता. कडक धर्मनियम पाळणाऱ्या समाजातल्या माणसावर कुणी बाहेरच्यानं प्रेम केलं की आज जी ओढाताण सुरू होते, तिच्यात हा दुहेरी शहाणपणा हरवलेला दिसतो. समाज म्हणतो माणूस सोड, प्रेम करणारा म्हणतो समाज सोड. दोघांनाही त्या व्यक्तीचा अर्धाच भाग हवा असतो.

कडकपणा म्हणजे नक्की काय, हे आधी नीट पाहिलं पाहिजे, कारण बाहेरून तो नुसता हट्ट वाटतो. कोल्हापूरलगतचं कळंबाच घ्या. कळंबा म्हटलं की परगावच्या माणसाला कारागृह आठवतं, फार तर तलाव. पण शहर वाढत गेलं तशा इथं जाती-धर्मांच्या गल्ल्या मागे टाकून आलेल्यांच्या वसाहती झाल्या आहेत. एकाच जिन्यावर एका जैन घरात सूर्यास्ताआधी ताटं उचललेली असतात, आणि समोरच्या घरात रविवारी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा वास सुटतो. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य, चातुर्मासात हिरव्या भाजीवरही बंधनं, दशलक्षण पर्वात उपवास हे सगळं ज्या मुलीनं किंवा मुलानं कळत्या वयापासून पाळलं, त्याच्या भुकेची वेळसुद्धा त्या नियमांनी घडवलेली असते. दाऊदी बोहरा समाजात लग्नासाठी धर्मगुरूंची ‘रझा’, म्हणजे परवानगी, लागते. पारशी अग्यारीत बिगरपारशाला प्रवेश नसतो. धर्म इथे वेळापत्रकात असतो, स्वयंपाकघरात असतो, स्मशानात आणि कब्रस्तानात असतो. प्रेम करणाऱ्याला आवडणारा नेमकेपणा, संयम, शब्द पाळण्याची सवय याच शिस्तीतून आलेली असू शकते. त्यामुळे ‘मी तुला या तुरुंगातून सोडवतो’ हे वाक्य कितीही प्रेमानं उच्चारलं तरी त्यात थोडा उर्मटपणा उरतोच.

हा उर्मटपणा टाळणाऱ्या प्रेमाचं उदाहरण शोधायला मराठी माणसाला दूर जायला नको. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या जगातच होत्या. पुढची काही वर्षं दोघं वेगळी राहिली. नंतर त्या नवऱ्याकडे परतल्या, पण आपलं पाणी आणि आपली चूल वेगळी ठेवून. विटाळाची कल्पना त्यांच्या मनातून गेली ती सावकाश, त्यांच्या स्वतःच्या विचारानं, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तोही स्वतः ठरवून. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना धर्मांतराची हकीकत लक्षात राहते. मला जास्त मोलाची वाटते ती मधली अवस्था. एका छपराखाली दोन चुली पेटत होत्या आणि तरी संसार चालू होता. टिळकांनी त्या वेगळ्या चुलीची घाई केली असती, तर बहुधा बायकोही गेली असती आणि पुस्तकही. अर्थात या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. धर्म बदलला टिळकांनी, आणि त्याची झळ वर्षानुवर्षं सोसली लक्ष्मीबाईंनी.

ही झळ बाईच्याच वाट्याला का येते, याचं बरंचसं उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे. १८७२ च्या विशेष विवाह कायद्यानं नोंदणी लग्नाची सोय केली खरी, पण वधूवरांनी आपण हिंदू, मुसलमान, पारशी, जैन वगैरे कुठलाच धर्म मानत नाही असं जाहीर करावं लागे. म्हणजे सरकारचीही अट हीच होती की समाज सोड. भूपेंद्रनाथ बसूंनी ती अट काढण्याचं विधेयक आणलं, तेव्हा १९१२ मध्ये त्याला पाठिंबा देणाऱ्यांत एक तरुण बॅरिस्टर होते, महंमद अली जीना. विधेयक बारगळलं. सहा वर्षांनी जीनांनी सर दिनशा पेटिट यांच्या मुलीशी, रतनबाईशी, मुंबईत लग्न केलं, तेव्हा जीनांना त्या कायद्याची वाट धरायची तर धर्म नाकारावा लागला असता. ते केंद्रीय कायदेमंडळात मुसलमानांचे प्रतिनिधी होते. मग धर्म बदलला अठरा वर्षांच्या रतनबाईनं. वडिलांनी संबंध तोडले, पारशी समाजानं तिला बाहेर काढलं, आणि २९ व्या वाढदिवशी, १९२९ मध्ये, ती गेली. ज्या माणसाला कायद्यातली खोट सहा वर्षं आधी दिसली होती, त्याच्याच घरात त्या खोटीची किंमत बायकोनं मोजली. पुढे त्यांच्या मुलीनं पारशी कुळातल्या नेव्हिल वाडियांशी लग्न ठरवलं, तेव्हा विरोध करणारे वडील म्हणून जीनाच उभे होते. तत्त्व मान्य असलं म्हणजे घरचा उंबरा ओलांडता येतोच असं नाही.

१९२३ मध्ये हिंदू, जैन, शीख, बौद्ध यांच्यापुरती ती अट शिथिल झाली, आणि १९५४ च्या कायद्यानं सगळ्यांसाठीच गेली. आज दोघंही आपापला धर्म ठेवून लग्न करू शकतात. तरीही याच कायद्याच्या १९ व्या कलमात जुनी सावली उरली आहे. एकत्र हिंदू, जैन, शीख किंवा बौद्ध कुटुंबातल्या व्यक्तीनं या कायद्याखाली या चार धर्मांबाहेरच्या व्यक्तीशी लग्न केलं की ती त्या एकत्र कुटुंबातून विभक्त झाली असं धरलं जातं. हिस्सा बुडत नाही, पण एकत्रपणा मोडतो. करवीर किंवा शिरोळ तालुक्यात, जिथे शेत अजून भावाभावांत सामाईक आहे, तिथे याचा अर्थ काय होतो हे वेगळं सांगायला नको. मुलानं घर सोडलं नाही, घरच्यांनी त्याला काढलं नाही, तरी कायद्यानं रेघ मारली. हे कलम आता रद्द व्हायला हवं.

इथे पहिला आक्षेप येतो. शिस्तीचा एवढा मान राखायचा, तर बहिष्काराचाही राखायचा का? नाही. मी स्वतः सूर्यास्तानंतर जेवत नाही, हा माझा नियम झाला. जेवणाऱ्याच्या आईनं त्याच्याशी बोलायचं नाही, ही दुसऱ्याला दिलेली शिक्षा झाली. पहिल्याला जागा द्यावी, दुसऱ्याला देऊ नये. मुंबई प्रांतानं १९४९ मध्येच समाजबहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. बोहरा धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला, कारण बहिष्काराचा अधिकार धर्माच्या व्यवस्थेचाच भाग मानला गेला. त्याची झळ असगर अली इंजिनिअर यांच्यासारख्या सुधारकांना बसली. ‘बरात’ झालेल्या, म्हणजे समाजाबाहेर काढलेल्या, माणसाशी नातेवाइकांनी संबंध ठेवायचे नाहीत, आणि त्याला समाजाच्या कब्रस्तानातही जागा नाही. त्या निकालाचा प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे गेला आहे. दरम्यान महाराष्ट्रानं २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे. तेव्हा वाळीत टाकणाऱ्यालाच कळंब्याच्या भिंतींआड जावं लागू शकतं. पण आईला बोलायला लावणारा कायदा अजून कुणी केलेला नाही, आणि करताही येणार नाही. म्हणून कायद्यावर सगळा भार टाकून चालत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, आणि तो हसण्यावारी नेणाऱ्यांचा मला राग येतो. लहान समाज म्हणतो, आम्ही बाहेर लग्नं करू लागलो तर उरणार किती? २००१ च्या जनगणनेत देशात ६९,६०१ पारशी होते, २०११ मध्ये ५७,२६४. ही भीती खोटी नाही. पण दार लावून समाज वाढतो, याचा पुरावा हे आकडे देत नाहीत. पारशी पुरुषाची बिगरपारशी पत्नीपासूनची मुलं पारशी मानायची आणि पारशी बाईची मानायची नाहीत, हा प्रघात चालूच होता, आणि संख्या तरीही घटत होती. शिवाय भीती फक्त लहानांना वाटते असंही नाही. प्यू या संशोधन संस्थेनं २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, सुमारे तीस हजार लोकांच्या पाहणीत आपल्या समाजातल्या स्त्रियांना बाहेर लग्न करण्यापासून रोखणं फार महत्त्वाचं आहे असं ८० टक्के मुसलमानांनी सांगितलं, आणि ६७ टक्के हिंदूंनीही. शंभर कोटींच्या घरातल्या समाजाला संपण्याची भीती वाटत असेल, तर तो प्रश्न संख्येचा नाही. बाईवरच्या ताब्याचा आहे.

तिसरा आक्षेप फसवणुकीचा. फसवून, धाक दाखवून लग्नं होतात. खून झाल्याच्या बातम्याही येतात. खरं आहे, तशा बातम्या एका जातीतल्या लग्नांच्याही येतात. नोंदणी लग्नाआधी तीस दिवस नोटीस लावण्याची तरतूद फसवणूक टाळण्यासाठी आहे असं म्हणतात. प्रत्यक्षात आधीच्या बायकोची माहिती त्या फलकावरून मिळाल्याचं क्वचितच ऐकू येतं. लागतो तो मुलीचा पत्ता, तिच्या मामाला आणि गल्लीतल्या तरुण मंडळाला. अलाहाबाद उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये ही जाहीर नोटीस वधूवरांच्या मर्जीवर सोडली. महाराष्ट्रानं तेवढं तरी करावं. आपल्या सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये काय केलं, तर आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी समन्वय समिती नेमली. आधी तिच्या कक्षेत आंतरजातीय लग्नंही होती, टीका झाल्यावर ती वगळली. शाहूंच्या राज्यातला कायदा अशा लग्नाला मान्यता देत होता. आजची समिती माहेरचा पत्ता घेते.

आता उरतो तो प्रेम करणारा, ज्याला कुठलाही कायदा लागू नाही. त्याला मी एवढंच विचारेन की तुमच्या घरात दुसरी चूल चालेल का? ती संध्याकाळी सहाला जेवणार असेल आणि तुम्ही नऊला, तर एका ताटाचा आग्रह धरणार का? पर्वाच्या दिवसांत ती मंदिरात जाईल तेव्हा तुमची आई काय म्हणेल, आणि त्या वेळी तुम्ही काय म्हणाल? कॅथलिक चर्चसारखी अवाढव्य संस्थासुद्धा १९७० मध्ये बदलली. मुलं कॅथलिक वाढवण्याचं वचन आधी दोघांकडून घेतलं जाई, ते तिनं कॅथलिक जोडीदारापुरतं ठेवलं. दुसऱ्याला फक्त कल्पना द्यायची. रोमला हे सुचायला शतकं लागली. आपल्याला लग्नाआधीचे चार महिने पुरावेत.

वलसाडच्या एका पारशी बाईनं १९९१ मध्ये हिंदू माणसाशी विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं. धर्म बदलला नाही, अग्नीवरची श्रद्धा सोडली नाही. तिला तिथल्या पारशी समाजाच्या संस्थेकडून, अंजुमनकडून, हवं होतं ते एकच, आईवडील गेले तर त्यांच्या अंत्यविधीच्या प्रार्थनेला बसता यावं. २०१२ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं सांगितलं की लग्नानंतर बाई नवऱ्याच्या धर्माचीच धरायची. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०१७ मध्ये न्यायाधीशांनी अंजुमनला फेरविचार करायला सांगितलं, आणि थोड्याच दिवसांत अंजुमननं होकार कळवला. लग्नाला तोवर २६ वर्षं झाली होती.