आधी शिका, मग या?

ओटीपी टाइप करेपर्यंत त्याची मुदत संपते, करड्या अक्षरांतलं बटण दिसत नाही, म्हणून एखादे आजोबा बँकेच्या खिडकीशी गेले, की उत्तर ठरलेलं: ‘शिकून घ्या की आता!’ यामागचा युक्तिवाद असा, की उणिवा सांभाळून घेतल्या तर लोक आळशी होतात. बदलायचं ते माणसाने, यंत्राने नव्हे.

हा युक्तिवाद 1951 साली, देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी चालला असता, तर मताचा हक्क मूठभरांपुरताच उरला असता. त्या वर्षीच्या जनगणनेत साक्षरता जेमतेम 18 टक्के होती आणि मतदार होते 17 कोटींच्या वर. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन सगळे साक्षर होईपर्यंत थांबले नाहीत. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली गेली आणि तिच्यावर चिन्ह लावलं गेलं. मतदाराने वाचायचं नाही, लिहायचं नाही. मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची, एवढंच.

म्हणून लोक शिकायचे थांबले का? 2011 पर्यंत साक्षरता 74 टक्क्यांवर पोहोचली. चिन्हं मात्र मतदान यंत्रावर अजून आहेत, आणि पदवीधरांनाही ती उपयोगी पडतात.

‘मग काय वाटेल ते चालवून घ्यायचं?’ हा आक्षेप जास्त वजनाचा आहे. त्याचं उत्तरही त्याच निवडणुकीत सापडतं. मतदारनोंदणीत अनेक स्त्रियांनी स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं. आयोगाने ते मान्य केलं नाही. अशा सुमारे 28 लाख नोंदी यादीतून गळल्या. त्या स्त्रियांना याची मोठी किंमत मोजावी लागली, पण तत्त्व स्पष्ट झालं. वाचता न येणं ही अडचण होती, बाईचं नाव लपवणं ही रूढी. रचनेने अडचणीपुढे वाकावं, रूढीपुढे नाही.

कमी दिसणं, बोटं थरथरणं, विसरायला होणं या साऱ्या अडचणीच आहेत, आणि वयाबरोबर त्या तुमच्या-माझ्याही वाट्याला येणार आहेत. एकच चूक हजारो लोक करत असतील, तर दोष रचनेचा मानला पाहिजे. तेव्हा ओटीपीची मुदत वाढवा, अक्षरं ठळक करा, सूचना मराठीत ऐकवा आणि बँकेची खिडकी बंद करू नका. नवं अ‍ॅप बाजारात आणण्यापूर्वी ते चष्मा घरी विसरलेल्या माणसाच्या हातात द्या. तो जिथे अडेल, तिथे अ‍ॅप दुरुस्त करा.