मोडकी असेल तरच तुमची

रे रोड स्टेशनच्या पूर्वेला गेलं की दारूखाना लागतो. नाव दारूगोळ्याच्या कोठाराचं, धंदा भंगाराचा. तोडलेल्या जहाजांचे पत्रे, साखळ्या, नांगर आणि मधेमधे लेथ मशिनं. इथे कुठलाही सुटा भाग घडवून मिळतो अशी आम्हा घोडपदेवकरांची श्रद्धा. म्हणून आजोबांच्या दुनळी बंदुकीच्या तुटक्या स्प्रिंगचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन मी तिथे गेलो. बंदूक सोबत नव्हती. वडील गेल्यापासून ती परवानाधारक विक्रेत्याकडे जमा आहे. लेथवाल्याने फोटो मोठा करून पाहिला. "कशाची?" मी खरं सांगितलं. त्याने मोबाइल परत दिला. "जहाजाचं काहीपण सांगा. हे नको."

त्याचं बरोबर होतं. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवायलाच नव्हे, दुरुस्त करायलाही परवाना लागतो. माझं भांडण त्याच्याशी नाही. भांडण आहे ते गावाहून आलेल्या सल्ल्याशी. "कशाला कटकट? नळीत वेल्डिंग मार नि भिंतीवर लाव." हा सल्ला कोकणात घरोघरी दिला जातो आणि त्याला कायद्याचाच आधार आहे. कलम ४५ म्हणतं की जुनाट बनावटीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं हत्यार दुरुस्त करूनही झाडता येणार नसेल, तर त्याला कायदा लागू नाही. म्हणजे वस्तू कायमची मारून टाका, मग ती खुशाल तुमची.

मारण्याआधी तिला एकदा वाचा तरी! आमच्या घरात ती 'विलायती' होती. नळ्यांमधल्या पट्टीवर इंग्रजी नाव, त्यामुळे कुणा साहेबाने आजोबांना बक्षीस दिल्याची कथाही तयार. विक्रेत्याकडच्या म्हाताऱ्या कारागिराने पुढचं लाकूड काढलं, नळ्या उतरवल्या आणि बुडाशी बोट ठेवलं. लंबगोलात ईएलजी ही अक्षरं, वर मुकुट. हा बेल्जियममधल्या लिएजच्या चाचणीगृहाचा ठसा, आणि मुकुट १८९३ नंतरचा. तिथल्या स्वस्त बंदुका इंग्रजी वाटणारी नावं कोरून जगभर विकल्या जात. साहेब गेला, बक्षीस गेलं. उरली ती आजोबांनी बहुधा स्वतःच्या पैशांनी घेतलेली साधी बंदूक. मला ती पहिल्यांदाच आपली वाटली.

त्याच वाचनात जिवाचाही प्रश्न सुटला. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी होती. ती लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून केलेली दमास्कस नळी. धूरविरहित दारूसाठी चाचणी झाल्याची खूण कुठेच नाही. म्हणजे ती काळ्या दारूच्या बेताची. आजचं बारा बोरचं काडतूस तिच्यात बसेलही, पण त्याचा दाब तिला सोसेल याची हमी कुणी दिलेली नाही. नळी फुटली तर आधी जाईल तो पुढे धरलेला हात. दारूखान्यात कुणी गुपचूप स्प्रिंग घडवून दिली असती, तर बंदूक 'चालू' झाली असती आणि हे मला कळलंच नसतं.

कुणी म्हणेल, घरात बंदुका कमीच बऱ्या. मान्य. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुकांची मर्यादा घातली, आणि वारशाने आलेलीही त्या दोनांतच धरली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वारसाने परवाना मागावा, चौकशीला सामोरं जावं, मिळाला नाही तर बंदूक रीतसर विकावी किंवा सोडावी. पण जमा केलेल्या बंदुकीवर मुदतीत हक्क सांगितला नाही तर ती सरकारजमा होऊ शकते. तिचा चुरा होण्याआधी ठशांचे चार फोटो आणि नंबर एखाद्या संग्रहालयाच्या वहीत जायला काय हरकत आहे? आणि ते ठसे वाचणाऱ्या कारागिरांच्या हाताखाली नवी पोरं परवान्यानिशी तयार व्हावीत, असं एकाही वारसाप्रेमी माणसाला का वाटू नये?

२०२४मध्ये लंडनच्या संग्रहालयातून वाघनखं उसनी आली, तेव्हा साताऱ्यात सोहळा झाला. व्हावाच. पण जे आपलं, आपल्या माळ्यावरचं, रानडुकरांपासून भात राखलेलं, त्याच्या नळीत आपणच शिसं ओततो आणि वर त्याला 'शोभेची वस्तू' म्हणतो. उसन्या वारशाला पायघड्या, घरच्याला वेल्डिंग!

मी परवान्याचा अर्ज केला आहे. मिळाला तर स्प्रिंग त्या म्हाताऱ्या कारागिराकडूनच बसवून घेईन, घोडा नीट पडावा एवढ्यासाठी. बार मात्र काढणार नाही. आणि नाही मिळाला, तरी गावाकडच्या त्या वेल्डिंग मशिनच्या वाऱ्याला तिला उभी करणार नाही.