तेरा डॉलर आणि सात डॉलर

अमेरिकेतील यादवी युद्धाचा (१८६१-६५) इतिहास आपल्याकडे बहुधा लिंकन यांच्या चरित्रातूनच वाचला जातो. एका थोर पुरुषाने जाहीरनामा काढला आणि गुलामांच्या बेड्या गळून पडल्या, असे त्याचे सोपे रूप रूढ झाले आहे. लिंकन यांचे मोठेपण आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या सैन्याच्या बळावर तो जाहीरनामा अमलात आला, त्याची भरती आणि त्याचे पगारपत्रक पाहिले म्हणजे चित्र पालटते.

दक्षिणेने एप्रिल १८६२ मध्ये सक्तीची लष्करभरती सुरू केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, वीस किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्या पुरुषाला तीतून सूट दिली. युद्ध गुलामगिरी टिकविण्याचे. पण गुलामांचा धनी घरी आणि एकही गुलाम नसलेला गरीब शेतकरी रणांगणावर! उत्तरेच्या मार्च १८६३ च्या कायद्याने ३०० डॉलर भरणाऱ्याला किंवा आपल्याऐवजी बदली माणूस देणाऱ्याला मोकळे सोडले. साध्या मजुराची ती जवळजवळ वर्षाची कमाई होती. जुलैत न्यूयॉर्कचे गोरे कष्टकरी या अन्यायाविरुद्ध रस्त्यावर उतरले. पण त्यांचा राग निघाला तो कोणावर? शहरातील कृष्णवर्णीयांवर. कृष्णवर्णी अनाथ मुलांचा आश्रम त्यांनी जाळला. श्रीमंतापर्यंत हात पोहोचत नाही म्हणून शेजारच्या दुबळ्यावर तो उगारणे, हा रोग आपल्यालाही अपरिचित नाही.

त्याच कृष्णवर्णीयांपैकी सुमारे १ लाख ७९ हजार लोक उत्तरेच्या भूसेनेत लढले. त्यांच्या पलटणी वेगळ्या, अधिकारी बहुतेक सर्व गोरे, आणि खंदक खणण्याची, ओझी वाहण्याची कामे त्यांच्याच वाट्याला अधिक. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत. कृष्णवर्णी शिपायाला १० डॉलर ठरले व त्यांतूनही कपड्यांचे ३ कापले जात. हाती उरत ७. तो सार्जंट झाला तरी ७ च! हे दर १८६२ च्या ज्या कायद्यातून आले तो मुख्यतः छावणीत राबणाऱ्या मजुरांसाठी केलेला होता. म्हणजे बंदूक हाती आली तरी सरकारदप्तरी तो हमालच राहिला.

मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने हा पगार घेण्याचे नाकारले. १८ जुलै १८६३ रोजी वॅग्नर किल्ल्यावरील हल्ल्यात तिने आपली शेकडो माणसे गमावली. पुढेही ती बिनपगारी लढत राहिली. राज्य सरकारने फरकाची रक्कम स्वतः भरून देऊ केली, तीही शिपायांनी परतवली. प्रश्न सहा डॉलरांचा नव्हताच. ज्या केंद्र सरकारसाठी आपण मरतो त्यानेच आपल्याला शिपाई म्हणावे, एवढाच आग्रह होता. घरी बायकामुलांचे हाल होत होते. तरी हा निग्रह सुमारे दीड वर्ष टिकला. 'समान कामाला समान वेतन' ही मागणी गिरण्या-कारखान्यांतच जन्मली असे मानणाऱ्यांनी या छावणीकडे एकवार पाहावे.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील लोकांना अर्पण केली, ती गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. ती अर्पणपत्रिका वाचताना आपल्या डोळ्यांसमोर परोपकारी गोरे लोकच येतात. वॅग्नरच्या वाळूत पडलेल्यांनाही त्या लोकांत धरायला हवे.

आणि सार्जंट विल्यम वॉकरलाही. हा दक्षिण कॅरोलायनाच्या तिसऱ्या पलटणीतला, पूर्वाश्रमीचा गुलाम. भरतीच्या वेळचे समान पगाराचे वचन मोडले म्हणून नोव्हेंबर १८६३ मध्ये त्याने आपली तुकडी कर्नलच्या तंबूसमोर नेली आणि सर्वांनी बंदुका खाली ठेवल्या. कारखान्यात याला संप म्हटले असते. लष्करी न्यायालयाने बंड म्हटले. २९ फेब्रुवारी १८६४ रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

समान पगाराचा कायदा काँग्रेसने १५ जून १८६४ रोजी संमत केला. युद्धापूर्वीच स्वतंत्र असलेल्यांना भरतीच्या दिवसापासूनची थकबाकी मिळाली. गुलामीतून आलेल्यांना मात्र १ जानेवारी १८६४ पासूनचीच. त्यांच्यापैकी ज्यांना भरतीच्या वेळी समान पगाराचे वचन दिले होते, त्यांच्या आधीच्या महिन्यांचा हिशेब मिटण्यास मार्च १८६५ उजाडावा लागला.