लेकीचा नकार आणि लेकीचा वांटा

"मुलीला विचारल्याशिवाय आम्ही लग्न ठरवीत नाहीं," असें हल्लीं जो तो छातीठोकपणें सांगतो. विचारतात खरें, पण सुपारी फुटल्यावर! तेव्हां पोर मान हालविते, तो होकार कीं नाइलाज? नांदे गांवीं आम्ही शेतकऱ्या-सुतारांच्या मुलींना वाचावयास शिकवितों; म्हणून हा प्रश्न आम्हांस टाळतां येत नाहीं.

ह्या प्रश्नावर जगांत पूर्वीच लिहिलें गेलें आहे. स्पेन देशांतील सर्व्हांतेस ह्यानें १६०५ सालीं 'डॉन किहोते' कादंबरीचा पहिला भाग छापला. त्यांत मार्सेला नांवाची मेंढरें राखणारी पोर आहे. आईबाप वारलेले, बापाची शेतीवाडी मोठी. चुलता पाद्री, पण तिच्या मर्जीवांचून लग्न लावण्यास तो तयार नव्हता. तिच्या मागें लागलेला एक तरुण मेला, तेव्हां दोष सारा तिच्या माथीं आला. ती त्याच्या मातीला येऊन उभी राहिली आणि म्हणाली कीं, मीं कोणास वचन दिलें नव्हतें, मी जन्मतः स्वतंत्र आहें. आपली मालमत्ता आपल्याजवळ आहे, हेंही ऐकविण्यास ती विसरली नाहीं.

ती पोर पुरुषाच्या लेखणींतली. आपल्याकडे बाईनें स्वतःच लेखणी धरली. १८८१ सालीं सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेला बालहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली. ती पुढें कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून साऱ्या बायकांवर चिखलफेक झाली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून उलट सवाल केला: बायको मेली कीं पुरुष दुसरी करतो, मग विधवेलाच बंदी कां? हें पुस्तक जोतीरावांच्या कांहीं सोबत्यांनाही रुचलें नाहीं. जोतीरावांनीं मात्र १८८५ सालीं 'सत्सार' मध्यें ताराबाईंचीच बाजू घेतली. ताराबाई माहेरींच राहत. त्यांचे पति घरजांवई होते, हें ध्यानांत ठेवावें.

सारांश, दोघींच्याही बोलण्यामागें हक्काचें छप्पर होतें. हिंमत छपरानें येत नाहीं. पण छपरावांचून ती टिकणें कठीण.

आतां आपल्या शिवारांत पाहा. पुणें शहर आमच्या वेशीला भिडलें, गुंठ्याला सोन्याचा भाव आला आणि बहिणींना साडीचोळी करून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची घाई सुरू झाली. २००५ च्या कायद्यानें वडिलोपार्जित जमिनींत मुलीला मुलाइतका वांटा आहे. तो जन्मानेंच मिळतो, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं सांगितलें. भाऊ म्हणतात, "तिच्या लग्नांत हुंडा दिला कीं!" अहो, १९६१ पासून गुन्हा ठरलेला हुंडा सासरच्या पेटींत गेला, लेकीच्या पदरांत काय पडलें? "वांटा मागितला तर माया तुटेल," असेंही म्हणतात. जी माया बहिणीच्या अंगठ्यावर टिकते, तिला माया कोण म्हणेल?

नवऱ्याचा मार खाऊन मुलगी माहेरीं येते, तेव्हां तिला चार दिवसांत परत धाडतात, कारण माहेरीं तिचें कांहीं उरलेलें नसतें. बंधूंनो, सुपारीआधीं लेकीला विचारा, आणि तिची सही मागूं नका. ज्यांच्याकडे जमीन नाहीं त्यांनीं घराच्या उताऱ्यावर लेकीचें नांव ठेवावें आणि आपला धंदा तिच्याही हातीं द्यावा. मग ती "हो" म्हणेल तो खरा होकार.