जेवलेली आई

छोटा भीम लाडू खातो आणि त्याच्या दंडात बळ येतं. ते लाडू वळणारी टुनटुन मौसी जाडी आहे आणि तिचं हसं होतं. २००८ साली ही मालिका पोगोवर सुरू झाली, तेव्हापासून पोरांच्या कितीतरी तुकड्या याच हिशेबावर वाढल्या. लाडू एकच. मुलाच्या पोटात गेला की पराक्रम, बाईच्या अंगावर दिसला की विनोद. मौसी लाटणं उगारून धावते, धावताना तिचं अंग हलतं, पोरं खिदळतात. ती चुटकीची आई आहे, हे पुष्कळदा विसरायलाच होतं. चुटकीचं काम दुकानातले लाडू भीमपर्यंत पोचवायचं आणि आईचं काम रागवायचं, एवढंच त्या मायलेकींचं नातं आपल्यासमोर येतं. २०२० साली भीमनं चुटकीला सोडून राजकन्या इंदुमतीशी लग्न केलं अशी आवई उठली आणि चुटकीला न्याय द्या म्हणून समाजमाध्यमांवर मोहीम निघाली. ही पात्रं अजून लहान आहेत, असा खुलासा निर्मात्यांना करावा लागला. एवढ्या लाडवांची त्यानं काय किंमत ठेवली, असा लोकांचा सवाल होता. लाडू वळले कुणी, हे त्या गदारोळात कुणाच्या ध्यानातही आलं नसावं.

नगर जिल्ह्यात हे कार्टून सावेडीतल्या फ्लॅटमध्ये भिंतीएवढ्या टीव्हीवर बघतात आणि ऊसतोडीच्या अड्ड्यावर, कोपीच्या दारात, फडातून आलेल्या बापाच्या मोबाइलवरही बघतात. पाथर्डी-शेवगावकडून तोडीला गेलेल्यांच्या कोपीतली आई बहुधा काटकुळी असते. फ्लॅटमधली बहुधा नसते. पडद्यावरच्या जाड्या आईला हसणं मात्र दोन्हीकडे सारखंच.

मौसीचं नाव आलं ते उमादेवी खत्री यांच्यावरून. त्या मुळात गायिका. १९४७च्या ‘दर्द’मध्ये नौशाद यांनी त्यांना गायला दिलं आणि त्यांचं गाणं देशभर गाजलं. १९५०च्या ‘बाबुल’पासून त्या विनोदी नटी झाल्या, तेव्हाच टुनटुन झाल्या आणि २००३ साली गेल्या तेव्हाही टुनटुनच होत्या. आज शाळेच्या मधल्या सुट्टीत अंगानं भरलेल्या पोरीला ‘टुणटुण’ म्हणून चिडवणाऱ्याला उमादेवी कोण, हे ठाऊक नसतं. गळा लोक विसरले, घेर लक्षात राहिला.

सिनेमात नटीचं शरीर जसं असेल तसं कॅमेऱ्यासमोर येतं. ॲनिमेशनमध्ये आपोआप काहीच येत नाही. हनुवटीखालची वळी, दंडाचा घेर, जिना चढताना लागणारा दम, सगळं कुणीतरी ठरवून काढलेलं असतं. म्हणून तिथे जाड आई कधी दिसते आणि कधी गायब होते, ते जरा निरखून बघावं. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ (१९९१) मधली मिसेस पॉट्स म्हणजे गोल गरगरीत किटली. तिच्याजवळ घुटमळणारा चिप हा मुलगा. जपानी दिग्दर्शक मियाझाकींच्या ‘कॅसल इन द स्काय’ (१९८६) मधली आडव्या अंगाची, हवेत लूटमार करणारी डोला हिलाही मुलगेच. पिक्सारच्या ‘बाओ’ (२०१८) या ऑस्कर मिळवणाऱ्या लघुपटात एक गुटगुटीत चिनी आई आहे. तिनं वाफवलेल्या पिठाच्या गोळ्यात जीव येतो, तो तिचा लेक होतो आणि मोठा होऊन घर सोडायला निघतो, तेव्हा ती त्याला चक्क गिळून टाकते. त्याच दिग्दर्शिकेनं, डोमी शी यांनी, पुढे ‘टर्निंग रेड’ (२०२२) केला. या वेळी गोष्ट मायलेकींची होती आणि आई झाली शिडशिडीत.

हा योगायोग नसावा. मुलगा आईकडून जेवण घेतो, मुलगी आईकडून शरीर घेते, अशी जगभरची समजूत आहे. ‘खाण तशी माती’ म्हणणाऱ्यांना ती वेगळी समजावून सांगायला नको. आपल्याकडे मुलगी बघायला आलेली मंडळी चहाचा कप उचलता उचलता आधी मुलीच्या आईकडे एक नजर टाकून घेतात. वीस वर्षांनी ही कशी दिसेल, याचा अंदाज घ्यायचा असतो. लेकीलाही ती नजर कळते आणि तिथून पुढे आईचं शरीर हे तिच्यासाठी नुसतं आईचं राहत नाही, ती येऊ घातलेली भीती होते. चित्रकाराच्या पेन्सिलीनं ही भीती सरळ टाळली आणि जाड्या आयांच्या पदरात मुलगे घातले.

मग मायलेकींच्या गोष्टीत आई कधी मोठी होतच नाही का? होते, पण त्यासाठी तिला जनावर व्हावं लागतं. ‘ब्रेव्ह’ (२०१२) मधली राणी एलिनॉर आपल्या लेकीला, मेरिडाला, राजकन्येनं कसं वागावं ते उठताबसता शिकवते. तोंडात बकाबका कोंबायचं नाही, हेही त्यात आलंच. पुढे जादूनं ती स्वतःच अस्वलीण होते. रानात पहिल्यांदा काटक्यांचे काटे-चमचे करून शिस्तीत जेवायला बसते आणि मग शिस्त सोडून नदीत उतरते, पंजानं मासे धरते, कच्चेच खाते. लेक पाण्यात उभी राहून हसते. अख्ख्या चित्रपटात त्या दोघी एकमेकींजवळ येतात त्या इथे, आई पोटभर खाते तेव्हा. शेवटी अर्थातच राणी पुन्हा कमनीय. ‘टर्निंग रेड’मधली आई भडकली की स्टेडियममध्ये मावणार नाही एवढा पांडा होते आणि गोष्ट संपताना पुन्हा सडपातळ. ‘स्पिरिटेड अवे’ (२००१) मध्ये तर चिहिरोचे आईबाप रस्त्यावरच्या दुकानात मांडलेलं अन्न न विचारता हाणतात आणि डुकरं होतात. आईला माणसात आणायचं काम लेकीच्या गळ्यात पडतं. आणि मुलीच्या वाढत्या अंगावरून गाण्यातून टोमणा मारणारी ‘टँगल्ड’ (२०१०) मधली गॉथेल स्वतः चवळीची शेंग आहे. ती खोटी आई आहे म्हणे. टोमणा मात्र अगदी खऱ्या घरातला.

या सगळ्यांत एक जपानी सिनेमा वेगळा बसतो. ‘फॉर्च्युन फेवर्स लेडी निकुको’ हे त्याचं इंग्रजी नाव, साल २०२१, दिग्दर्शक आयुमु वातानाबे, मूळ कादंबरी कानाको निशी यांची. निकुको जाडी आहे, घोरते, मोठ्यानं हसते, एकापाठोपाठ एका पुरुषाकडून फसत गावं बदलत आली आहे. आता मासेमारीच्या एका लहानशा बंदरात, नांगरून ठेवलेल्या बोटीत मुलीबरोबर राहते आणि मांस भाजून देणाऱ्या खानावळीत काम करते. खानावळीच्या म्हाताऱ्या मालकाची बायको वारलेली, तो धंदा गुंडाळायच्या बेतात होता. तेवढ्यात ही भुकेली बाई दारात आली, जेवली आणि तिथेच कामाला राहिली. एका बाईच्या भुकेनं एक दुकान तगलं, असं दाखवायची हिंमत मला दुसऱ्या कुठल्या कार्टूनात दिसली नाही. मुलगी किकुको बारीक, चपळ, पुस्तकं वाचणारी. आईची तिला लाज वाटते आणि आईवाचून तिचं चालतही नाही.

सिनेमा निर्मळ आहे असं नव्हे. निकुकोच्या अंगावरचे विनोद तो शेवटपर्यंत सोडत नाही, ती पडते, आपटते, रबरी चेंडूसारखी उसळते. आणि एका ठिकाणी तो हळूच पळही काढतो. किकुकोला अपेंडिक्सचं दुखणं होतं, आईला त्रास नको म्हणून ती ते अंगावर काढते, दवाखान्यात न्यावं लागतं आणि तिथे सगळं बोलून होतं. निकुको तिची जन्मदाती नाही. एका मैत्रिणीनं टाकलेली पोर तिनं वाढवली आहे. आपल्या भाषेत देवकी निघून गेली, राहिली ती यशोदा. हे हृद्य आहे, पण त्याचबरोबर मुलीच्या डोक्यावरची टांगती तलवारही गेली, कारण हे शरीर आता तिच्या वाट्याला यायचं नाही. जाडी आई आणि तिच्याच रक्ताची लेक, दोघींना समोरासमोर बसवायचं धाडस निकुकोच्या सिनेमालाही झालं नाही. तरी शेवट फार चांगला आहे. लेकीला पाळी येते आणि आई तिचं मनापासून अभिनंदन करते. शरीराबद्दल त्या घरात उच्चारलेलं ते सगळ्यात साधं वाक्य असावं.

आपल्याकडे आईचं प्रेम तिच्या उपाशी राहण्यावर मोजायची रीत आहे. ‘श्यामची आई’ (१९५३) हा राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी सुवर्णपदक मिळवणारा चित्रपट. वनमालाबाईंनी उभी केलेली ती दुखणाईत, झिजलेली माउली मराठी मनात अशी बसली की नंतरच्या प्रत्येक पडद्यावरच्या आईला थोडं खोकावंच लागलं. सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर जे उरेल ते खाते, किंवा भूक नाही म्हणते, ती आई. जाडी आई म्हणजे जेवलेली बाई. आपण आईला रागीट असण्याची, अडाणी असण्याची माफी देतो. ती जेवली, याची देत नाही.

नगर जिल्ह्याच्या थोर लेकीचंच बघा. जामखेड तालुक्यातल्या चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या अहिल्यादेवींचं वर्णन ब्रिटिश अधिकारी माल्कमनं मध्य हिंदुस्थानावरच्या १८२३च्या ग्रंथात केलं आहे: मध्यम उंची, अंगानं फार कृश, सावळा वर्ण. राघोबादादांच्या आनंदीबाईंनी त्या दिसतात कशा, हे बघायला मुद्दाम बाई पाठवली होती, हेही तो सांगतो. एवढं राज्य सांभाळणाऱ्या बाईच्या बाबतीतही चौकशी झाली ती रूपाचीच. १७९१ साली जावई गेल्यावर लेक मुक्ताबाई सती निघाली. आईनं परोपरीनं विनवलं, तिनं ऐकलं नाही. त्यानंतर तीन दिवस अहिल्यादेवी बोलल्या नाहीत आणि जवळजवळ जेवल्याही नाहीत, असं माल्कम लिहितो. दुःख खरंच असणार. पण ऐकणाऱ्याला ते पटवायला न जेवलेल्या दिवसांचा दाखला लागतो, हे ध्यानात घ्या. त्रिशताब्दीनिमित्त मे २०२५मध्ये चौंडीत मंत्रिमंडळाची बैठक भरली, तिथे देवींवर चित्रपट काढायचंही ठरलं. त्यात आईच्या अंगकाठीचा पेच पडणार नाही. इतिहासानंच सोय करून ठेवली आहे.

याच जिल्ह्यात भाद्रपदात मात्र वेगळी आई घरी येते. नगरकडे आणि मराठवाड्यात महालक्ष्म्या उभ्या करतात, तेव्हा अनेक घरांत त्यांचं धड म्हणजे पोकळ कोठी असते. त्यात गहू-तांदूळ नाहीतर फराळाचं भरतात, वरून भारी पातळ, मग मुखवटा. निऱ्या नीट बसाव्यात म्हणून दोघीतिघी बाया कमरेभोवती कापड गुंडाळत बसतात, अजून थोडं भरा, अंग भरलेलं दिसलं पाहिजे, असं म्हणत. पुढ्यात पिलवंडं असतात, एक मुलगा, एक मुलगी. ज्येष्ठा नक्षत्रावर सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, वर फुलोरा, आणि आधी ती जेवते. भरल्या अंगाची, भरल्या पोटाची, लेकरं पुढ्यात घेतलेली आई आपण तीन दिवस पूजतो. चौथ्या दिवशी त्याच घरातल्या सासुरवाशिणीनं दुसरी पोळी घेतली की तिला वजनाची आठवण करून देतो.

२०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के बायका प्रमाणापेक्षा जास्त वजनाच्या निघाल्या आणि १८.७ टक्के प्रमाणापेक्षा बारीक. रक्त कमी असलेल्या ५७ टक्के. म्हणजे अंगानं जाड आणि रक्तानं रोड, अशाही पुष्कळ असणार. त्यांतल्या कितीजणी चवीनं जेवल्या आणि कितीजणींनी पोरांच्या ताटातला उरलेला भात, कालची भाकरी, टाकायचं कशाला म्हणून संपवली, ते पाहणीत येत नाही. पण हीदेखील पळवाटच आहे. जाडीचं कारण त्यागात सापडलं की आपल्याला बरं वाटतं, आई पुन्हा श्यामच्या आईच्या रांगेत जाते. नुसतं आवडलं म्हणून खाल्लं, असं म्हणणाऱ्या आईचं काय करायचं ते मात्र कळत नाही. शाळेच्या पालकसभेला ती पोरांच्या बाकात कशीबशी अडकून बसते, मागे खुसखुस होते आणि पुढच्या वेळी लेक म्हणते, मम्मी, तू नको येऊ, पप्पांना पाठव.

चित्रपट काढायला शिकवणारी जागा नगरात आहे. न्यू आर्ट्स कॉलेजच्या संज्ञापन विभागात शिकताना नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आता तर मुलं मोबाइलवर ॲनिमेशन करतात. उद्या तिथल्या एखाद्या मुलीनं आपल्या आईची गोष्ट काढायला घेतली, जाड्या आईची, तिच्यासारख्याच होत चाललेल्या लेकीची, दोघी मिळून बसस्टँडवर भेळ खातात अशी, तर पैसे लावायला आलेला माणूस बाकी काही विचारायच्या आधी एवढंच विचारील, आई जरा बारीक करता येईल का? संगणकावर ते दोन मिनिटांचं काम आहे.