आठ नगरांचा मधुचंद्र

गेल्या माघांत वाङ्निश्चय झालेलें एक जोडपें आमच्या सांगलीच्या घरीं भेटीस आलें होतें. मुलगी येथलीच, आमची एके काळची विद्यार्थिनी, मुलगा सातारचा, लग्न वैशाखांतलें. चहा झाल्यावर मुलानें मोठ्या हौसेनें मधुचंद्राचा आराखडा आमच्यापुढें ठेवला. पॅरिस, ब्रुसेल्स, ॲम्स्टरडॅम, कोलोन, ल्यूसर्न, व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोम. अकरा रात्रींत आठ नगरें, कांहीं आगगाडीनें, कांहीं भाड्याच्या मोटारीनें. तो मुलानें व त्याच्या मामांनीं मिळून आंखला होता. आम्हीं मुलीस विचारलें, "तुला यांतलें काय पाहावयाचें आहे?" ती थोडी थांबून म्हणाली, "सर, मला उफीझींतलीं चित्रें पाहायचीं आहेत." आम्हीं कागद पुन्हां पाहिला. फ्लॉरेन्सच्या वांट्यास पांच तास आले होते, आणि तो वार सोमवार होता. सोमवारीं तें चित्रालय बंद असतें.

हा एकाच घरचा प्रमाद असता तर आम्हीं लेखणी हातीं धरली नसती. परंतु असले आराखडे आमच्या या दोन्ही जिल्ह्यांतून आतां घरोघर आंखले जात आहेत, आणि त्यांचा दोष एकच आहे : ते प्रवास करणाऱ्या दोघांसाठीं केलेले नसून मागें राहणाऱ्या मंडळीस दाखविण्यासाठीं केलेले असतात.

आरंभींच एक गैरसमज दूर करूं. परदेशगमनास आमचा विरोध नाहीं. "महाबळेश्वर काय वाईट होतें?" असें विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाहीं. त्यांच्या लग्नाच्या वेळीं महाबळेश्वरास जाणें हेंही कोणाला तरी थेरच वाटलें होतें. तरुणांनीं स्वकष्टाच्या पैशानें जग पाहावें, यांत आम्हांस आनंदच आहे. आमचें भांडण नगरांशीं नाहीं, त्यांच्या संख्येशीं आहे.

हिशेब करून पाहा. आठ नगरें म्हणजे सात स्थलांतरें. सकाळीं सामान बांधा, खोली सोडा, स्टेशन गांठा, नवी जागा हुडका आणि दुपारीं नवी खोली ताब्यांत येईपर्यंत पेट्या राखीत बसा. प्रत्येकास अर्धा दिवस धरला तरी साडेतीन दिवस हमाली करण्यांत गेले. मुंबईहून जाण्यायेण्याचा शीण निराळाच.

मोटारीचा मोह कोठून येतो, तें आम्हांस ठाऊक आहे. साताऱ्याचें स्टेशन गांवाबाहेर माहुलीकडे. तेथें उतरल्यावर गांव गांठण्यास पुन्हां वाहन पाहावें लागतें. म्हणून आगगाडी म्हणजे अडचण आणि मोटार म्हणजे स्वातंत्र्य, ही समजूत आमच्या हाडीं मुरली आहे. युरोपच्या जुन्या नगरांत हें गणित उलटतें. व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनाच्या पायऱ्या उतरलें कीं समोर मोठा कालवाच दिसतो. मोटार मात्र वेशीवरच ठेवावी लागते, कारण पुढें तिला रस्ताच नाहीं. फ्लॉरेन्सच्या मध्यवस्तींत परवान्यावांचून मोटार नेली तर कॅमेरा तिचा क्रमांक टिपतो आणि दंडाची चिठ्ठी कांहीं महिन्यांनीं घरीं येते. एका देशांत घेतलेली मोटार दुसऱ्या देशांत सोडावयाची तर जबर आकार पडतो. त्यांत डावीकडून चालण्याची संवय असलेल्या नवऱ्यानें उजवीकडून मोटार हांकावयाची आणि नव्या नवरीनें वाट सांगावयाची. पहिल्या भांडणास याहून सुपीक जमीन आम्हांस माहीत नाहीं.

व्हिसाचेंही तेंच. शेंगेन करारांतील २९ देशांस एक व्हिसा चालतो हें खरें. पण ज्या देशांत मुक्काम सर्वांत अधिक त्याच्याच वकिलातीकडे अर्ज करावा लागतो, आणि कोणत्या रात्रीं कोठें राहणार त्याचे कागद जोडावे लागतात. जून २०२४ पासून प्रौढ माणसास शुल्क ९० युरो. शिवाय निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. निर्णयास साधारणतः १५ दिवस, कधीं अधिकही लागतात. म्हणून लग्नाआधींच अर्ज करणें शहाणपणाचें. तेव्हां मुलीचा पासपोर्ट माहेरच्या नांवाचा असतो. तिकीटही त्याच नांवाचें हवें. लग्नानंतर पासपोर्टावरील नांव बदललेंच पाहिजे असा आपल्याकडे नियम नाहीं, हें किती सासरच्या मंडळींस ठाऊक असतें? सहा देशांची माहिती मिळविणारे मामा एवढी एक गोष्ट विसरतात.

आतां प्रतिपक्षाचा बिनतोड समजला जाणारा मुद्दा : "पुन्हां जाणें होतें कोठें? एकदांच जावयाचें तर सगळें पाहून घ्यावें." हा मुद्दा आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. मध्यमवर्गीय घरांत असा खर्च पुन्हां होत नाहीं, हें सत्य आहे. परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष याच्या उलट आहे. जें एकदांच मिळावयाचें तें धांवत धांवत कां घ्यावें? पंगतींत प्रत्येक पक्वान्नास नुसतें बोट लावून उठणारा मनुष्य जेवला असें आपण म्हणत नाहीं.

आम्हीं त्या जोडप्यास दुसरा आराखडा सुचविला. ल्यूसर्नला तीन रात्री, फ्लॉरेन्सला चार, उंब्रियाच्या डोंगरांत दोन आणि रोमला दोन. ल्यूसर्नहून मिलानमार्गें फ्लॉरेन्सपर्यंत आगगाडी. वाटेंत २०१६ सालीं खुला झालेला ५७ किलोमीटरांचा गोटहार्डचा बोगदा लागतो. अकरांपैकीं आठ रात्री इटलींत, म्हणजे अर्ज कोणाकडे करावा याचीही शंका नाहीं. मोटार फक्त उंब्रियापुरती, इटलींतच घ्यावी आणि इटलींतच सोडावी. आंतरराष्ट्रीय परवाना येथल्या परिवहन कार्यालयांतून निघतो. तेथील खेड्यांस मोटारीवांचून जाणें खरोखरच कठीण. त्यांतच मोंतोने गांव आहे. नाईक यशवंत घाडगे हे मराठा पलटणीचे व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी १० जुलै १९४४ रोजीं याच टायबरच्या वरच्या खोऱ्यांत पडले, आणि २०२३ सालीं मोंतोनेकरांनीं त्यांचें स्मारक उभारलें. ज्या सातारा जिल्ह्यांत अपशिंग्यासारख्या गांवीं घराघरांतून सैनिक निघाले, तेथल्या मुलानें तेथें घटकाभर उभें राहावें, ही आमची हौस.

पण आमचाही आराखडा त्यांनीं जसाच्या तसा उचलावा, असें आम्ही म्हणत नाहीं. मामांच्या जागीं प्रोफेसर बसवून काय साधणार? पुढें घर कोठें घ्यावें, नोकरी कोणीं सोडावी, मुलांस कोणत्या शाळेंत घालावें, हे सारे निर्णय त्या दोघांस एकत्र बसूनच करावयाचे आहेत. त्यांतला पहिला हा. त्यांतच मुलीचें मत कोणीं विचारलें नाहीं, तर पुढच्या निर्णयांत तें विचारलें जाईल याचा भरंवसा काय? मुलगा त्या दिवशीं खजील झाला, आणि कागद घडी घालून त्यानें तिच्या हातीं दिला.

मामा आमच्यावर रुष्ट झाले आहेत असें कानीं आलें. प्रोफेसरांनीं पुस्तकें शिकवावींत, सहली आंखूं नयेत, असें ते म्हणाले म्हणे. त्यांचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. सहली ज्यांच्या त्यांनींच आंखाव्या. लग्नास मात्र आम्ही सातारला जाणार आहों, आणि मामांच्या शेजारींच पंगतीस बसणार आहों.